बाओ झाकण काढताच का बसतो?

बांबूची टोपली आणि बाओचं (वाफवलेल्या चिनी पावाचं) पीठ नेणाऱ्या ग्राहकांसाठी

‘टोपलीत टम्म फुगले होते, झाकण काढलं आणि डोळ्यांदेखत सुरकुतले. पीठ जुनं होतं का?’ उन्हाळा लागला की हा प्रश्न आम्हाला सारखा विचारला जातो. पीठ बहुतेक वेळा ठीक असतं. चूक होते ती बाओ वळल्यानंतर आणि वाफेवर चढवण्याआधी, म्हणजे ते फुगायला ठेवलेले असतात तेव्हा.

घरी पाव करणाऱ्यांना एक सवय लागलेली असते: गोळा दुप्पट होईपर्यंत थांबायचं. भट्टीत ते चालतं, कारण तिथे वरून कवच धरतं आणि पावाला उभं ठेवतं. वाफेत कवच धरत नाही. बाओची साल शेवटपर्यंत ओली आणि मऊ असते, शिवाय पीठही मुद्दाम कमी चिवट घेतलेलं असतं. असा गोळा आधीच दुप्पट झाला, की आतल्या बुडबुड्यांच्या भिंती कागदासारख्या पातळ होतात. वाफेत तो आणखी ताणला जातो, पण झाकण निघून गार हवा लागली की आतली वाफ आक्रसते आणि त्या भिंतींना भार पेलत नाही.

म्हणून वळलेला बाओ दीडपटच फुगू द्या, दुप्पट नाही.

दीडपट डोळ्यांनी ओळखणं कठीण जातं, कारण गोल वस्तू जेवढी वाढते तेवढी वाढलेली दिसत नाही. त्यापेक्षा पीठ मळून झालं की सुपारीएवढा तुकडा तोडा आणि सरळ उभ्या काठाच्या छोट्या ग्लासात तळाशी सपाट दाबा. तो 2 सेंटीमीटर उंच भरला, तर 3 सेंटीमीटरवर रबर बँड लावा आणि ग्लास बाओंच्या शेजारीच ठेवा. पीठ रबराला टेकलं की गॅस पेटवायचा. बाओ उचलूनही पाहा, मघापेक्षा हलका लागला पाहिजे. बोटाने अलगद दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला तर वेळ बरोबर आहे. तसाच राहिला तर उशीर झालाय.

खोलीत 30 अंशांच्या आसपास तापमान असेल तर याला 20 ते 25 मिनिटं लागतात, 22 अंशांना 40 ते 50. मे महिन्यातल्या दुपारी 15 मिनिटांतही होतं. वेळ मोजायची ती पहिला बाओ वळला तेव्हापासून. सारण भरून कळ्या पाडायला नवख्या हाताला आठ बाओंना 20 ते 25 मिनिटं सहज लागतात, म्हणजे आठवा होईपर्यंत पहिल्याची वेळ निघून गेलेली असते. उन्हाळ्यात फ्रिजमधलं पाणी वापरा आणि निम्मं पीठ झाकून फ्रिजमध्ये ठेवा. चार वळा, चार चढवा.

प्रमाण असं: पीठ 300 ग्रॅम, पाणी 155 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 3 ग्रॅम, साखर 25 ग्रॅम, वास नसलेलं तेल 10 ग्रॅम. सारणाशिवाय 60 ग्रॅमचे आठ होतात. आमचं पीठ संपलं असेल तर 270 ग्रॅम मैद्यात 30 ग्रॅम कॉर्नफ्लोअर मिसळा, काम भागतं. वजनकाटा मात्र हवाच. वाटीने मोजलेल्या मैद्यात दर वेळी फरक पडतो, आणि एवढ्याशा पिठात 15 ग्रॅम पाणी जास्त झालं तरी बाओ पसरतात.

हाताने 10 मिनिटं मळा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट लागेल, पाणी वाढवू नका. मग पोळपाटावर लांबट लाटा, तिघडी करा, पुन्हा लाटा, असं सात-आठ वेळा. याने मोठे बुडबुडे फुटतात आणि साल गुळगुळीत येते. ही पायरी गाळली की बाओवर फोड येतात.

सारणाचे करायचे तर 40 ग्रॅमची गोळी घ्या. पारी मध्यभागी जाड आणि कडेला पातळ, साधारण 10 सेंटीमीटरची, सारण 25 ग्रॅम. मोदकाच्या कळ्या येणाऱ्यांना हे लवकर जमतं, फक्त इथे चिमटी पुढे सरकवत एकाच दिशेने चुण्या घालायच्या असतात. चीनमधल्या त्यांज्यिन शहरातले बाओ 18 चुण्यांसाठी प्रसिद्ध आहेत, घरी 10-12 पुरे. कोबीला मीठ लावून तो घट्ट पिळून घ्या, नाहीतर तळ गिच्च होतो.

मोदक आपण उकळत्या पाण्यावर ठेवतो. बाओ साध्या, गार पाण्यावर चढवा आणि आच मध्यम ठेवा, म्हणजे पाणी तापेपर्यंत तो अजून थोडा फुगतो. वाफ दिसायला लागल्यापासून 12 मिनिटं. दोन बाओंमध्ये तीन सेंटीमीटर जागा सोडा. गॅस बंद केल्यावर झाकण बोटभर तिरकं करून चार मिनिटं थांबा, मगच काढा. सारणाचे बाओ फुगायला जास्त वेळ राहिले असतील, तर गार पाण्याऐवजी सरळ उकळत्या वाफेवर ठेवा. सारण नसलेले पुन्हा मळून, लाटून, वळून वाचवता येतात.

मोदकपात्र चालतं का, असं बरेच जण विचारतात. चालतं. धातूच्या झाकणाखाली साचलेलं पाणी टपकून बाओवर पिवळट, कडक खड्डे पडतात, तेवढ्यासाठी झाकणाला पंचा बांधा. बांबूचं झाकण वाफ शोषून घेतं, म्हणून ही कटकट राहत नाही. टोपली देताना आम्ही कढईचा व्यास विचारतो, तो उगाच नाही. टोपलीची खालची कड पाण्यात टेकली पाहिजे आणि जाळी पाण्याच्या वर राहिली पाहिजे. कड कोरडी राहिली तर बांबू जळतो. खाली आमच्याकडचा भोकांचा कागद घाला किंवा कोबीचं पान. हळदीचं पान मोदकालाच ठेवा, बाओला त्याचा वास भारी पडतो.

यीस्ट आम्ही पिठात मिसळून विकत नाही, याबद्दल काही जण नाराज असतात. दमट हवेत उघड्या पाकिटातल्या यीस्टचा जोर उतरत जातो. मग 20 मिनिटांच्या जागी 50 लागतात आणि वर लिहिलेल्या एकाही वेळेला अर्थ उरत नाही. यीस्ट वेगळं घ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा.

बाओ हॉटेलसारखा पांढराशुभ्र होत नाही, कारण आमचं पीठ ब्लीच केलेलं नाही. पीठ पांढरं करणारं बेंझॉइल पेरॉक्साइड खुद्द चीनने 1 मे 2011 पासून बंद केलं. घरचा मांतोऊ, म्हणजे सारण नसलेला बाओ, सायीच्या रंगाचा असतो, तोच खरा.

टोपली साबणाने धुऊ नका. गरम पाण्याने पुसा, सावलीत पूर्ण वाळवा आणि पावसाळ्यात कपाटात बंद ठेवू नका, बुरशी धरते.

एवढं करूनही बाओ बसला, तर तो मधोमध कापून फोटो पाठवा. आत मोठी भोकं असतील तर वेळ जास्त झाली. आत घट्ट, काचेसारखा पिवळट दिसत असेल तर कमी पडली, किंवा यीस्ट मेलंय. खोलीतलं तापमान आणि किती मिनिटं ठेवला होता, तेही लिहा.