पार्श्वभूमी : स्वयंसेवकाच्या फोनसाठी नियम कसे घडत गेले

सेवाभावी संस्थेत नव्याने दाखल होणाऱ्या स्वयंसेवकाला आता ओळखपत्रासोबत समाजमाध्यमांच्या वापराची नियमावलीही मिळते. संमतीशिवाय फोटो टाकू नका, मुलांची नावे लिहू नका, संस्थेचे खाते स्वतःच्या मोबाइल नंबरावर उघडू नका वगैरे. सही करताना ही कार्यालयी कटकट वाटते. पण यातल्या बहुतेक ओळींमागे कुठे ना कुठे घडलेली चूक आहे, आणि काही चुका फेसबुकपेक्षा शंभरहून अधिक वर्षांनी जुन्या आहेत.

लंडनमध्ये बेघर मुलांसाठी काम करणाऱ्या थॉमस बर्नार्डो यांनी १८७४ मध्ये आपल्या संस्थेत छायाचित्र विभाग सुरू केला. संस्थेत येण्यापूर्वीचे फाटके मूल आणि संस्थेत आल्यानंतरचे नीटनेटके मूल अशा जोडफोटोंची कार्डे विकून निधी उभा राहत असे. १८७७ मध्ये त्यांच्यावरच्या आरोपांची लवादापुढे सुनावणी झाली. बरेचसे आरोप टिकले नाहीत, पण मुलांना असतील त्याहून दीनवाणे दाखवून काढलेल्या फोटोंबद्दल लवादाने ठपका ठेवला. ‘आधी–नंतर’ पद्धतीच्या पोस्ट आजही सर्रास दिसतात, म्हणून हे प्रकरण माहीत असलेले बरे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण १९१९ चे. पहिले महायुद्ध थांबले तरी पराभूत देशांची नाकेबंदी चालू होती. एग्लंटाइन जेब यांनी ऑस्ट्रियातल्या उपाशी मुलाचा फोटो असलेली पत्रके सेन्सॉरच्या परवानगीशिवाय लंडनमध्ये वाटली. त्यांना अटक झाली, ५ पौंड दंड झाला, आणि दंडाइतकी रक्कम सरकारी वकिलानेच त्यांच्या हातावर ठेवली. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था त्याच वर्षी उभी राहिली. फोटो लोकांना हलवतो, हे यातून पक्के झाले. त्यामुळे ‘फोटोच काढू नका’ हा सोपा उपाय कोणत्याही संस्थेला कधी परवडला नाही.

पुढे १९६८ मध्ये नायजेरियाच्या यादवी युद्धात अडकलेल्या बियाफ्रा प्रांतातल्या उपासमारीच्या आणि १९८४ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळाच्या चित्रांनी प्रचंड निधी गोळा केला. सोबत प्रश्नही आले. १९८१ मध्ये यॉर्गन लिस्नर यांनी उपाशी मुलांच्या अशा चित्रांवर कडक टीका केली : माणसाचे दुःख आडपडदा न ठेवता उघड्यावर मांडले जात आहे. १९८९ मध्ये युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांनी चित्रे आणि संदेशांसाठी आचारसंहिता स्वीकारली. १९९४ मध्ये रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून आपत्तीतल्या मदतकार्याची दहा कलमी आचारसंहिता केली. तिचे दहावे कलम सांगते की आपत्तीग्रस्तांना हतबल वस्तू म्हणून दाखवू नये, प्रतिष्ठा असलेली माणसे म्हणून दाखवावे.

या संहिता लिहिल्या गेल्या त्या प्रसिद्धी विभागासाठी. तेव्हा फोटो काढणाऱ्यापासून वाचकापर्यंत जाताना चार-पाच हात लागत : फिल्म धुणारा, फोटो निवडणारा, ओळी लिहिणारा, छापायला मंजुरी देणारा. त्यातल्या एकाला तरी ‘हा नको’ म्हणायला सवड मिळे. फोनने हे सगळे हात काढून टाकले. आजच्या नियमावल्या म्हणजे तेच हात परत आणण्याची, काहीशी ओढाताणीची, धडपड आहे.

ऑनलाइन जगातली सुरुवातीची एक ठेच मात्र फोटोची नव्हती आणि फोनचीही नव्हती. १९९८ च्या अखेरीस स्वीडनमध्ये चर्चच्या कामात मदत करणाऱ्या एका बाईंनी घरच्या संगणकावर वेबपानं केली. धर्मसंस्काराच्या तयारीतल्या कुटुंबांना माहिती मिळावी एवढाच हेतू. त्यांत स्वतःची आणि अठरा सहकाऱ्यांची थोडी गमतीशीर ओळख होती : काही ठिकाणी फोन नंबर, काहींचे छंद, आणि एकीच्या पायाला दुखापत झाल्याने ती अर्धवेळ रजेवर असल्याचा उल्लेख. कुणाला विचारले नव्हते. नाराजी कळताच त्यांनी पानं काढून टाकली, तरी खटला झाला आणि स्थानिक न्यायालयाने ४,००० क्रोनर दंड केला. अपिलातून प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे गेला. ६ नोव्हेंबर २००३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की पायाच्या दुखापतीचा उल्लेख ही आरोग्यविषयक माहितीच आहे. आणि कुणालाही उघडता येईल अशा पानावर टाकलेला मजकूर ‘घरगुती, खासगी’ या सवलतीत बसत नाही. तेव्हा फेसबुक जन्मालाही आले नव्हते. तरी ‘मी चांगल्या हेतूने टाकले’ आणि ‘माझ्या वैयक्तिक खात्यावरच टाकले’ या स्वयंसेवकांच्या दोन्ही नेहमीच्या उत्तरांचा निकाल इथे लागून गेला होता.

२००४ मध्ये फेसबुक, २००६ मध्ये ट्विटर आणि २००७ मध्ये आयफोन आला. जानेवारी २०१० च्या हैती भूकंपात या साधनांची ताकद दिसली : अमेरिकन रेड क्रॉसला मोबाइल संदेशातून दहा-दहा डॉलर करत ३ कोटींहून अधिक डॉलर मिळाले. तिथल्या लोकांचे मदतीचे संदेश परदेशातल्या हैतीयन स्वयंसेवकांनी भाषांतरित केले, आणि त्यांतले काही सार्वजनिक ऑनलाइन नकाशावर गेले. अडकलेल्या माणसाचे ठिकाण बचाव पथकाला हवे असते, तेच लुटारूलाही उपयोगी पडते. म्हणून आता मदतीची मागणी नोंदवणारी यादी बंद ठेवतात आणि बाहेर फक्त भाग व गरज जाहीर करतात, घर आणि नंबर नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच अमेरिकन रेड क्रॉसच्या अधिकृत ट्विटर खात्यावर एका कर्मचाऱ्याचा बिअर पिण्याबद्दलचा खासगी मजकूर झळकला. कारण साधे होते : एकाच ॲपमध्ये दोन्ही खाती उघडी होती. संस्थेने पोस्ट काढली, चूक कबूल केली आणि हसून घेतले, त्यामुळे प्रकरण निभावले. पण त्यातून निघालेला नियम अजून पाळण्याजोगा आहे : संस्थेचे खाते आणि स्वतःचे खाते वेगवेगळ्या ॲपमध्ये किंवा वेगळ्या ब्राउझरमध्ये ठेवावे. पोस्ट नुसती गुपचूप पुसू नये. स्क्रीनशॉट आधीच फिरत असतो आणि मागे खुलासा नसतो.

२०१६ मध्ये गरीब देशांत जाऊन मुलांसोबत सेल्फी काढणाऱ्या स्वयंसेवकांची खिल्ली उडवणारे बार्बी बाहुलीचे इन्स्टाग्राम खाते गाजले. २०१७ मध्ये नॉर्वेतल्या ‘एसएआयएच’ या विद्यार्थी-प्राध्यापकांच्या संस्थेने खास स्वयंसेवक आणि प्रवाशांसाठी समाजमाध्यमांची मार्गदर्शिका काढली. टीकेचे लक्ष्य प्रसिद्धी विभागाऐवजी फोन हातात धरलेला माणूस झाला, तो साधारण इथे.

संमतीची आजची पद्धतही अशीच चुकत-माकत घडली. नुसती सही पुरत नाही, कारण ती बहुतेक वेळा मदतीच्या रांगेत घेतलेली असते. हातात पिशवी पडायची असताना नकार कोण देणार? म्हणून वाटप संपल्यावर, वाटणाऱ्याने नव्हे तर दुसऱ्याने विचारायचे. फोटो पडद्यावर दाखवायचा, कुठे दिसेल ते सांगायचे, किती काळ ठेवणार ते सांगायचे आणि नंतर मन बदलले तर कळवायचा नंबर द्यायचा. दुसऱ्यांनी शेअर केलेल्या प्रती परत घेता येत नाहीत, हेही त्याच वेळी सांगायचे. मुलांच्या बाबतीत पालकांचा होकार आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. फोटोला क्रमांक देऊन संमतीच्या नोंदीत तोच क्रमांक लिहिला नाही, तर सहा महिन्यांनी कोणता होकार कोणाचा हे सांगता येत नाही. नियम सर्वांत जास्त मोडतो तो इथेच.

फोटोच्या पार्श्वभूमीकडे कुणी पाहत नाही. चेहरा झाकलेला असतो आणि मागे शाळेची पाटी, गाडीचा नंबर किंवा आरोग्य शिबिरातले नोंदवहीचे उघडे पान असते. फोटो फाइलच्या आत जीपीएसचे अक्षांश-रेखांश असू शकतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच राहते. दर्जा टिकावा म्हणून स्वयंसेवक हटकून डॉक्युमेंटच पाठवतात. फोनमधल्या हायलायटरने गिरवलेले नाव उजेड वाढवला की पुन्हा वाचता येते; अपारदर्शक चौकोन टाकावा. मार्च २०२३ मध्ये तर गुगल पिक्सेल फोनमधला एक दोष उघड झाला : कापलेल्या स्क्रीनशॉटचा कापलेला भाग काही वेळा परत मिळवता येत होता. तेव्हापासून सावध संस्था नावे असलेला मूळ स्क्रीनशॉट कापून वापरण्याऐवजी मजकूर नव्याने टाइप करतात.

गटांची गोष्ट वेगळी. साध्या व्हॉट्सॲप गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, त्यामुळे लाभार्थींना गटात टाकणे म्हणजे त्यांची यादी वाटणे. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो तिथे, ही अडचण नाही, पण ज्यांनी संस्थेचा नंबर साठवला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. हे ठाऊक नसल्याने ‘कळवले होते’ आणि ‘मिळालेच नाही’ यावरून वाद होतात. अफवांमुळे जानेवारी २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने फॉरवर्डवर जगभर एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. तरी ‘रक्त हवे’ छापाचे तारीख नसलेले संदेश वर्षानुवर्षे फिरतात आणि बरा होऊन घरी गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांचा फोन वाजत राहतो. आवाहनात तारीख, वेळ आणि ‘अमुक वेळेनंतर फॉरवर्ड करू नका’ ही ओळ हवीच. गरज भागली की तेच त्याच गटांत कळवावे.

नियमन करणाऱ्यांना यायला उशीर लागला. २५ मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनने समाजमाध्यमांवरचे स्वतंत्र मार्गदर्शन सप्टेंबर २०२३ मध्ये काढले. समाजमाध्यमे वापरणाऱ्या संस्थेकडे लेखी धोरण असावे आणि विश्वस्तांना ते ठाऊक असावे, हा त्याचा गाभा. वैयक्तिक खात्यावर मत मांडण्याचा हक्क त्याने मान्य केला आहे; ते मत संस्थेचे समजले जाण्याचा धोका कसा हाताळायचा, हे संस्थांनी ठरवायचे आहे. खात्याच्या मालकीवरूनही अशीच तारांबळ उडते. पान एका उत्साही कार्यकर्त्याच्या नंबरावर उघडलेले, तो गाव सोडून गेला आणि पासवर्डही गेला. संस्थेच्या ईमेलवर खाते, किमान दोन ॲडमिन, दुपदरी पडताळणी (पासवर्डसोबत आणखी एक कोड) आणि स्वयंसेवक बाहेर पडला की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद, एवढे पुरते.

सर्वांत नवी ओळ कृत्रिम चित्रांची. २०२३ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नॉर्वेतल्या खात्याने कोलंबियातल्या आंदोलनांबद्दल संगणकाने घडवलेली चित्रे वापरली. खऱ्या आंदोलकांची ओळख उघड होऊ नये हा हेतू सांगितला गेला, तरी टीका झाली आणि चित्रे मागे घ्यावी लागली. अशी चित्रे वापरायचीच असतील तर ‘हे कृत्रिम चित्र आहे’ हे शब्द चित्राच्या आतच ठसठशीत लिहावेत. खालच्या मजकुरात लिहून उपयोग नाही. चित्र दुसऱ्याच फॉरवर्डला जाते तेव्हा मजकूर मागेच राहिलेला असतो.