कारेन भाषांचे गोत्र

म्यानमार आणि थायलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ प्रदेशात, तसेच इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशात ज्या भाषा पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या जातात त्यांना एकत्रितपणे कारेन भाषा म्हणतात. त्या बोलणाऱ्यांची संख्या 40 लाखांच्या घरात किंवा त्याहून अधिक मानली जाते. स्गॉ आणि प्वो या त्यांतील मोठ्या भाषा, आणि पाओ, काया, कायान, ब्वे, गेबा या त्यांच्या बहिणी. भारताशीही या गटाचा थेट संबंध आहे. 1925 साली इंग्रज राजवटीत जंगलकामासाठी काही कारेन कुटुंबांना मध्य अंदमानात आणले गेले, त्यांनी मायाबंदरजवळ वेबी हे गाव वसवले, आणि त्यांच्या वंशजांमुळे स्गॉ ही भारतात बोलली जाणारी भाषा ठरली. आपल्याकडील भाषाविषयक लेखनात मात्र तिचे नाव फारसे आढळत नाही, याची खंत वाटते, कारण नातेसंबंध कसे सिद्ध करावेत या भाषाविज्ञानातील मूलभूत प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी कारेनइतके चांगले उदाहरण शोधूनही सापडणे कठीण आहे.

मणिपुरी, मिझो, बोडो, गारो, लडाखी आणि ब्रह्मी (म्यानमारची प्रमुख भाषा) या भाषा तिबेटी-ब्रह्मी कुलातील आहेत, आणि या कुलाचा चिनीशी संबंध जोडून जे मोठे कुल मानले जाते त्याला चिनी-तिबेटी म्हणतात. तिबेटी-ब्रह्मी भाषांचा एक ठळक विशेष मराठी माणसाला अगदी घरचा वाटेल असा आहे, तो म्हणजे वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद. ‘मी भात खातो’ हे ब्रह्मी माणूस मराठीच्याच क्रमाने सांगतो: आधी ‘मी’, मग ‘भात’ आणि शेवटी ‘खातो’. स्गॉ भाषेत मात्र ‘मी’, ‘खातो’, ‘भात’ असा क्रम लागतो आणि कर्म क्रियापदाच्या मागून येते. कुलातील शेकडो भाषांमध्ये असा क्रम असणाऱ्या भाषा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. चीनच्या युन्नान प्रांतातील बाय ही त्यांपैकी एक. उलट कारेन लोकांच्या शेजारी राहणाऱ्या मोन लोकांची ऑस्ट्रो-आशियाई या वेगळ्या कुलातील भाषा आणि थाई, शान यांसारख्या ताई या आणखी एका कुलातील भाषा नेमका हाच क्रम पाळतात. मग कारेन भाषांना कोणाच्या घरात जागा द्यायची?

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ पॉल बेनेडिक्ट यांनी 1972 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात यावर जे उत्तर दिले ते दीर्घकाळ प्रभावी ठरले. त्यांच्या मांडणीत चिनी-तिबेटी कुलाची प्रथम चिनी आणि ‘तिबेटी-कारेन’ अशी विभागणी होते, आणि त्यानंतर तिबेटी-कारेन शाखेतून कारेन व तिबेटी-ब्रह्मी हे दोन फाटे फुटतात. म्हणजे कारेन ही तिबेटी-ब्रह्मीची मुलगी न राहता तिची थोरली बहीण ठरते. या मांडणीमागे वाक्यरचनेतील वेगळेपणाचा मोठा वाटा होता. माझ्या मते हा पुरावा जितका डोळ्यांत भरणारा आहे तितकाच तो निसरडा आहे. वाक्यरचना शेजाऱ्यांकडून उचलली जाऊ शकते, हे महाराष्ट्रातच दाखवून दिले गेले आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावात शेजारी-शेजारी नांदणाऱ्या मराठी, कन्नड आणि उर्दू या बोलींचे व्याकरण एकमेकींच्या किती जवळ आले आहे, याचा गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी 1971 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास जगभर प्रमाण मानला जातो. तेथील कन्नड व्याकरणात कितीही बदलली असली, तरी ती द्राविडी कुलातून बाहेर गेली असे कोणी म्हणत नाही.

म्हणून कुल ठरवताना वाक्याच्या सांगाड्यापेक्षा रोजच्या वापरातील मूळ शब्दांना, आणि त्याहूनही अधिक त्या शब्दांतील ध्वनींच्या नियमित जुळणीला वजन दिले जाते. चंद्राला स्गॉ भाषेत ‘ला’ म्हणतात. ब्रह्मीतही ‘ला’, मिझोत ‘थ्ला’ आणि जुन्या लिखित तिबेटीत ‘झ्ला’. असे एखाददुसरे साम्य योगायोगाने किंवा उसनवारीनेही घडू शकते. परंतु लिखित तिबेटीत ‘तीन’साठी ‘ग्सुम’, ‘मरणे’साठी ‘शि’ आणि ‘लाकूड’साठी ‘शिङ्’ असे शब्द असताना, त्याच अर्थांच्या स्गॉ शब्दांच्या आरंभी प्रत्येक वेळी जीभ दातांच्या मध्ये आणून उच्चारला जाणारा ‘थ’सारखा ध्वनी सापडतो, तेव्हा योगायोगाची शक्यता मावळू लागते. ब्रह्मी भाषेतही हाच बदल घडलेला आहे, आणि तेथे त्याची लेखी साक्षही उपलब्ध आहे, कारण जे अक्षर आज असे दंतमध्य उच्चारले जाते ते पाली लिहिताना ‘स’साठी वापरले जाणारे अक्षर होय.

शब्दांचे शेवट याहूनही बोलके आहेत. पाओ भाषेने जुनी अंत्य व्यंजने बऱ्याच अंशी सांभाळली असून तिच्या ‘तीन’ या शब्दात शेवटचा ‘म’ आजही ऐकू येतो. प्वोमध्ये त्या व्यंजनाची जागा केवळ अनुनासिक उच्चाराने घेतली आहे, आणि स्गॉमध्ये तोही उरलेला नाही. तिबेटीतील ‘ग्सुम’, मिझोतील ‘पथुम’ आणि मणिपुरीतील ‘अहुम’ यांच्या शेजारी पाओचा शब्द ठेवला की एरवी अंधूक वाटणारे नाते स्पष्ट होते. एकट्या स्गॉवरून निष्कर्ष काढणाऱ्याला हा दुवा दिसलाच नसता.

सुरांचा इतिहासही याच दिशेने नेतो. कारेन भाषांत आवाजाच्या चढउतारावरून शब्दाचा अर्थ बदलतो, आणि चिनी, थाई याही सूरभाषा असल्यामुळे या गुणाला पूर्वी कुलाची खूण मानण्याकडे कल होता. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंद्रे-जॉर्ज ओद्रिकूर यांनी 1946 पासून मूळ कारेन भाषेची जी पुनर्रचना केली, तिच्यातून आजच्या अनेक सुरांचे उगमस्थान आरंभीच्या व्यंजनात असल्याचे दिसून आले. ग, द, ब यांसारखी घोष (उच्चारताना कंठात कंपन होणारी) व्यंजने अघोष (तसे कंपन नसलेली) झाली, पण जाताना शब्दावर वेगळा सूर ठेवून गेली. पंजाबीत ‘घोडा’ या शब्दातील घ्‌ आज क्‌सारखा ऐकू येतो आणि त्याचे घोष महाप्राणत्व सुराच्या रूपाने उरते, ते याच प्रक्रियेमुळे. अर्थात निरनिराळ्या कुलांतील भाषांमध्ये हा बदल स्वतंत्रपणे घडू शकतो, आणि म्हणून केवळ सूर असण्यावरून नाते सिद्ध होत नाही. कोणत्या व्यंजनामागे कोणता सूर आला याचे नियम मात्र सर्व कारेन भाषा एकाच मुळातून निघाल्याची ग्वाही देतात.

आता पुन्हा वाक्यरचनेकडे वळावे लागते, कारण तिच्यातच बेनेडिक्ट यांच्या मांडणीविरुद्धचा एक सबळ मुद्दा आहे. थाईमध्ये आणि मोनमध्ये ‘माझे घर’ म्हणताना ‘घर’ आधी आणि ‘मी’ नंतर येतो. ज्या भाषांत कर्म क्रियापदानंतर येते त्यांपैकी अनेक भाषांत हीच मांडणी आढळते. स्गॉ आणि तिच्या भगिनीभाषा मात्र मालक आधी आणि वस्तू नंतर असाच क्रम ठेवतात, जो ब्रह्मीचा, मणिपुरीचा आणि मराठीचाही आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी असण्याच्या जुन्या व्यवस्थेशी हा क्रम सुसंगत आहे. म्हणजे शेजाऱ्यांच्या सहवासात कर्माची जागा बदलली, पण षष्ठीची जागा बदलली नाही, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

आज बहुतेक अभ्यासक कारेन भाषांना तिबेटी-ब्रह्मीच्या आतली एक स्वतंत्र शाखा मानतात. बेनेडिक्ट यांच्या त्याच ग्रंथाचे संपादन करणारे जेम्स मॅटिसॉफ यांनीही पुढे हीच भूमिका घेतली. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज व्हॅन ड्रीम यांचा आक्षेप मात्र याहून मूलगामी आहे. शाखांचा क्रम सिद्ध करण्याइतका पुरावाच अजून हाती नाही, म्हणून झाडाखाली पडलेल्या पानांप्रमाणे प्रत्येक गट वेगळा मांडावा, असे ते सुचवतात, आणि त्यांच्या मांडणीत कारेन हे असेच एक पान आहे. हा सावधपणा मला पटतो. शाखा कुलाच्या आत आहे हे दाखवणे आणि तिची सर्वांत जवळची बहीण कोणती हे दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी लागणारे शब्दसंग्रह म्यानमारच्या काया व शान राज्यांतील लहान कारेन भाषांबाबत अजून अपुरे आहेत. स्गॉचे तसे नाही. अमेरिकी बाप्टिस्ट धर्मप्रचारक जोनाथन वेड यांनी 1830 च्या दशकात ब्रह्मी लिपीच्या आधारे तिच्यासाठी सुरांची स्वतंत्र चिन्हे असलेली लिपी तयार केली, 1853 साली फ्रान्सिस मेसन यांनी केलेला बायबलचा अनुवाद छापून निघाला, आणि त्यामुळे तिचा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा लेखी पुरावा अभ्यासकांच्या हाती आहे. काया भाषेला स्वतःची लिपी मिळाली ती 1962 साली, आणि अंत्य व्यंजने जपणाऱ्या इतर बोलींची नोंद तर मुख्यतः गेल्या काही दशकांत गावोगावी जाऊन शब्द ध्वनिमुद्रित करणाऱ्या संशोधकांकडून होत आहे.