पार्श्वभूमी : याकोबाचे मरणशय्येवरचे बोल आणि हळू म्हटली जाणारी एक ओळ

यहुद्यांचा मूळपुरुष याकोब, ज्याचे दुसरे नाव इस्राएल, १४७ वर्षे जगला, त्यांतली शेवटची १७ मिसरात (इजिप्तमध्ये). ‘शेवटल्या दिवसांत’ काय घडेल ते सांगायला त्याने मुलांना जवळ बोलावले. पण बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या ४९व्या अध्यायात तो अंतकाळ कधी येणार, हे सांगितलेलेच नाही. यहुदी धर्मपंडित नेमके इथे अडले.

बाबिलोनी तालमूद हा यहुदी पंडितांच्या चर्चांचा ग्रंथ म्हणतो, तो बोलणार तोच दैवी सान्निध्य दूर झाले. याकोब हादरला. आजोबा अब्राहामापोटी इश्माएल, बाप इसहाकापोटी एसाव असे वाट सोडलेले मुलगे निपजले; माझ्याही मुलांत कोणी तसा आहे का? मुलांनी एकमुखाने बापालाच उद्देशून उत्तर दिले : ‘ऐक, इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच.’ त्यावर तो उद्गारला : ‘त्याच्या राज्याचे गौरवशाली नाव युगानुयुग धन्य असो.’

‘ऐक, इस्राएला’ने सुरू होणारी मोशेची वचने म्हणजे शेमा, यहुद्यांची रोजची प्रार्थना. अडचण अशी की मोशेच्या शेमात ही दुसरी ओळ नाही. म्हणावी तर मोशेच्या वचनात भर पडते, गाळावी तर याकोबाचा अव्हेर होतो. निर्णय झाला : म्हणायची, पण हळू. एका पंडिताने दाखला दिला तो राजकन्येचा. भांड्याच्या तळाशी लागलेल्या मसालेदार खरवडीचा तिला वास आला. मागावी तर लाज, न मागावी तर जीव कासावीस. शेवटी दासींनी ती गुपचूप आणून दिली. पुढे पाखंडी लोक संशय घेतील म्हणून काही ठिकाणी ही ओळ मोठ्याने म्हणायचे ठरले. बाबिलोनियातल्या नहरदेया शहरात पाखंडी नव्हतेच, तिथे ती हळूच राहिली. यरीहो गावचे लोक, एका मतानुसार, ती म्हणतच नसत. पंडितांना ते रुचले नाही, तरी त्यांनी अडवलेही नाही. या निर्णयाला नुसती तडजोड म्हणणे मला अपुरे वाटते. मरणाऱ्या बापाच्या शब्दाला शास्त्रवचनाच्या ऐन मध्यात जागा मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे.

यरुशलेमचे मंदिर उभे होते तेव्हा योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजकाने देवाचे नाव उच्चारले की लोक हीच ओळ म्हणत. आजही त्या दिवशी ती मोठ्याने म्हणतात. त्याचे कारण मात्र वेगळे देतात : मोशेने ती देवदूतांकडून ऐकली, आणि त्या दिवशी माणसे देवदूतांसारखी असतात.

हाच दिवस कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचा दारफाळणीचा, म्हणजे दारे बंद करण्याचा, सण. हिब्रू प्रार्थना विस्मरणात गेल्या, तरी सुंता, लग्न, अंत्यविधी अशा प्रत्येक प्रसंगी त्यांच्या तोंडी शेमा टिकून राहिला.