साका, पट्टी आणि पुढचा हंगाम

हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही. साल पिवळीधमक, घरभर घमघमाट, आणि सुरी फिरवली की आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. बागायतदाराला तो दिसत नाही, वाशीच्या दलालालाही नाही. दिसतो तो गिऱ्हाइकाच्या ताटात, पैसे देऊन झाल्यावर.

आंबा चौदा आणे तयार असताना उतरवला, की झाडावर जास्त पिकू दिला? झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट काढला, की तापलेल्या कातळावर पडू दिला? साक्याचे प्रमाण अशा गोष्टींवरही अवलंबून असते आणि त्या फक्त बागेतल्या माणसालाच ठाऊक असतात. उलट बाजूही तशीच. देवगडहून रात्रीच्या गाडीने पेट्या जातात, बागायतदार घरीच असतो. नंतर हातात येते ती पट्टी, म्हणजे दलालाने दिलेला विक्रीचा हिशेब. गाळ्यावर खरेच तेवढाच भाव फुटला का, हे त्याने पाहिलेले नसते. एकाला पेटीच्या आतले दिसत नाही, दुसऱ्याला गाळ्यावरचे. तरी हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालतो. कसा?

१९८०च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकी अभ्यासकाने संगणकावर एक स्पर्धा घेतली. दोघांचा खेळ, प्रत्येक डावात साथ द्यायची की फसवायचे एवढेच ठरवायचे. १४ जाणकारांनी आपापले डावपेच पाठवले. जिंकला सगळ्यांत छोटा, अनातोल रॅपोपोर्ट यांचा ‘जशास तसे’: पहिल्या डावात साथ द्या, मग समोरचा गेल्या डावात जसा वागला तसे वागा. दुसऱ्या स्पर्धेत ६२ डावपेच उतरले, तरी हाच पहिला आला.

मला यातली महत्त्वाची वाटते ती शेवटच्या डावाची गोष्ट. शेवटचा डाव कोणता हे आधी कळले, तर त्यात फसवणेच फायद्याचे. मग त्याच्या आधीच्या डावातही, आणि असे करत विश्वास मागून उसवत येतो. आंब्याचा हंगाम तर मृगाच्या तोंडावर संपतोच. मे अखेरच्या पेट्या जपून भराव्याशा वाटतात त्या पुढच्या वर्षीही माल त्याच गाळ्यावर लावायचा असतो म्हणून.

इथे आगाऊ रकमेबद्दल बोललेच पाहिजे. फवारणीला, राखणीला दलाल हंगामाआधी पैसे देतो. दोघे बांधले जातात, पण सारखे नाही. ज्याला सोडून जाता येत नाही, त्याला जशास तसे वागताही येत नाही. पट्टी पटली नाही तरी माल तिथेच पाठवायचा, याला मी सहकार्य म्हणणार नाही.

आणि साका? तो लबाडी नसतानाही निघतो. कोय फळातच रुजायच्या तयारीला लागणे, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. अशा चुकीला कडक ‘जशास तसे’ लावले, की भाव पाडणे आणि हलका माल भरणे यांची साखळी थांबत नाही. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मंड यांनी १९९२ मध्ये दाखवले, की अशा गोंधळात अधूनमधून माफ करणारा डावपेच जास्त टिकतो. पण माफ करायला चूक कुठे झाली ते कळायला हवे. आता अनेक बागायतदार पेटीवर आपले नाव आणि फोन नंबर छापतात. दादरमध्ये कापलेल्या आंब्यात साका निघाला, तर संध्याकाळपर्यंत बागेत फोन येतो, आणि त्या दिवशी कुठल्या कलमांवरचा माल उतरवला होता, हे बागायतदार वही काढून बघतो.