जाम घाटाचा रस्ता इतका निवांत का?

इंदूरहून महेश्वरला जायचं तर घाईतली माणसं आग्रा-मुंबई रस्ता धरतात. मानपूर, धामनोद, की आलं महेश्वर. आमच्या घरात मात्र महूवरून मंडलेश्वरच्या रस्त्याला लागायचं आणि जाम घाटाने उतरायचं, हे ठरलेलं. आजी त्याला ‘निमाडात उतरणं’ म्हणायची; निमाड म्हणजे घाटाखालचा नर्मदाकाठचा मुलूख. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी असायची. महू सुटलं की ट्रकांचा आवाज मागे पडायचा आणि दोन्ही बाजूंना काळ्या मातीत सोयाबीन दिसायचं. मधूनच एखादं गाव, चार म्हशी, पळसाची झाडं. असा रस्ता इतका मोकळा कसा राहिला, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. या वाटेवर कधीकाळी एका राज्याची वर्दळ होती, हे कळल्यावर ते सुटलं.

मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पडला. 1766 मध्ये खुद्द मल्हारराव गेले आणि वर्षभरातच नातू मालेरावही गेला. 1767 मध्ये अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला आणि नर्मदाकाठचं महेश्वर ही राजधानी केली. दक्षिणेच्या वाटेवरचं, एका बाजूने नदीने राखलेलं हे ठिकाण होतं. होळकरांचा बराचसा मुलूख मात्र वर माळव्याच्या पठारावर, आणि मध्ये विंध्याचा कडा. वसूल खाली यायचा तो कडा उतरून, हुकूम वर जायचे तो चढून. तेव्हा घाट ताब्यात असणं म्हणजे राज्याच्या दोन्ही अंगांची गाठ हातात असणं.

या कड्याची घडण समजली की रस्ता वेगळाच दिसायला लागतो. माळव्याचं पठार उत्तरेकडे उतरतं, त्यामुळे इंदूरहून दक्षिणेला निघालेली गाडी हळूहळू चढत असते. आपल्याला ते कळतही नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे, महेश्वर दीडशेच्या आसपास. कड्यापाशी जमीन एकदम संपते, वळणांमागून वळणं सुरू होतात आणि कानात दडे बसतात. पाणीही इथेच वाटलं जातं. महूजवळच्या जानापावावरून निघालेली चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते, म्हणजे अखेर बंगालच्या उपसागराला मिळते. कड्याच्या दक्षिण उतारावरचं पाणी मात्र नर्मदेतून अरबी समुद्रात जातं.

नेमक्या या कड्यावर अहिल्याबाईंनी 1791 साली दरवाजा बांधला. तोच जाम दरवाजा. त्यांचं निधन 1795 मधलं, म्हणजे हे शेवटच्या काही वर्षांतलं काम. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या, त्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला मात्र हा एकटा दरवाजा त्यांच्या कारभाराची जास्त जवळून ओळख करून देतो. काळा दगड, रुंद कमान, वर चढून गेलं की पहारेकऱ्यांनी बसावं अशी जागा. तिथून निमाडाचं सगळं सपाट रान पायाखाली पसरलेलं दिसतं. येणारा घोडेस्वार असो की बैलांचा तांडा, वर पोचायच्या किती तरी आधी नजरेत यावा, अशी ही जागा आहे. आता लोक गाडी बाजूला लावून त्या कमानीखालून चालत जातात. मी दर वेळी तिच्या दगडावर हात ठेवतो. भर उन्हाळ्यातही आतल्या बाजूचा दगड गार लागतो.

मग वर्दळ गेली कुठे? 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरची लढाई होळकर हरले. जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला, राजधानी महेश्वरहून इंदूरला आली आणि त्याच वर्षी महूला इंग्रजांची छावणी पडली. जाम घाटाच्या खालच्या टोकाला आता राजधानीच उरली नाही. मंडलेश्वरला इंग्रजांनी निमाडच्या कारभाराचं ठाणं केलं होतं, म्हणून काही काळ वाट जागती राहिली. पुढे ते ठाणंही खंडव्याला हललं.

नंतर आली रेल्वे. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंदूर-खंडवा मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि 1870 च्या दशकात ही होळकर स्टेट रेल्वे उभी राहिली. तिने घाट उतरायला पातालपाणी-कालाकुंडची बाजू निवडली. माल तिकडे गेला, मोटारी आणि ट्रक मानपूरकडून आग्रा-मुंबई रस्त्याने उतरू लागले. जाम घाट या दोन्हींच्या मधोमध राहून गेला. आजची इथली शांतता दोनशे वर्षांत अशी थोडी थोडी करून साठलेली आहे, आणि मला ती जपावीशी वाटते. रस्ता रुंद करा जरूर, पण कड्यावर कचरा टाकू नका, दरवाज्याच्या दगडावर नावं कोरू नका.

श्रावणात एकदा जा. ढग कड्याखालून वर येतात आणि कमानीतून आरपार जातात. पलीकडे शेगडीवर मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका बसलेल्या असतात, धूर आणि धुकं एकमेकांत मिसळतात. कणीस हातात घेऊन उभं राहिलं की जरा वेळाने ढग फाटतो आणि खाली निमाडातला उतरणीचा रस्ता तुकड्यातुकड्यांनी दिसायला लागतो.