पासेओ

पासेओ : स्पेनमधील सार्वजनिक फेरफटक्याची प्रथा, तसेच या फेरफटक्यासाठी मुद्दाम राखलेला रुंद, बहुधा झाडीचा रस्ता. स्पॅनिशमध्ये दोहोंना शब्द एकच. लॅटिन ‘पास्सुस’ (पाऊल) यावरून स्पॅनिश ‘पासो’, त्यावरून ‘पासेआर’ हे क्रियापद आणि त्यापासून हे नाम, अशी व्युत्पत्ती सर्वमान्य आहे. मराठीतील शतपावलीही पावलातूनच निघाली. पण ती घरच्या अंगणातही उरकते, पासेओला मात्र चारचौघांचा रस्ता लागतो. बैलझुंजीच्या आरंभीच्या संचलनाला याच शब्दाचे लघुरूप (पासेईयो) लावतात. १९३६–३९ च्या यादवी युद्धात एखाद्याला ‘पासेओ’ला नेणे म्हणजे गावाबाहेर नेऊन ठार मारणे, असा भीषण अर्थ या शब्दाला चिकटला होता.

रस्ता या अर्थी पासेओचे पूर्वरूप ‘अलामेदा’ (पॉप्लर वृक्षांची रांग) हे असावे. सेव्हिल येथे १५७४ मध्ये दलदल बुजवून आखलेली अलामेदा दे एर्कुलेस ही त्यांतील जुन्यांपैकी एक. माद्रिदच्या पासेओ देल प्रादोला आजचे रूप मुख्यतः तिसऱ्या कार्लोसच्या कारकिर्दीत (१७५९–८८) आले. बार्सेलोनाच्या ‘रांब्ला’चे मूळ वेगळे : अरबी ‘रम्ल’ म्हणजे वाळू, त्यावरून पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा. ओढ्याचा रस्ता झाला, नाव राहिले. कॅटलान भाषेत तेथे भटकण्यासाठी ‘रांब्लेजार’ असे स्वतंत्र क्रियापदच आहे.

कामाच्या दिवसाच्या मध्येच फेरफटका मारण्याची सवय कशी रुजली, याविषयी एकमत नाही. स्पेनमधील खंडित पाळीत (खोर्नादा पार्तीदा) सकाळचे काम साधारणतः दीड-दोनला थांबते आणि चार-पाचला पुन्हा सुरू होऊन आठपर्यंत चालते. मधल्या सुटीत जेवण, क्वचित वामकुक्षी (सिएस्ता, लॅटिन ‘सेक्स्ता’, म्हणजे दिवसाचा सहावा तास) आणि फेरफटका बसतो. या खंडाचे कारण म्हणून तीन मते मांडली जातात.

पहिले मत हवामानाचे : दुपारचे ऊन टाळण्यासाठी काम थांबवत. दक्षिणेकडील उष्ण अंदालुसियापुरते ते पटते. परंतु बिस्केच्या उपसागरावरील सान सेबास्तिआनमध्ये (स्थानिक बास्क भाषेत दोनोस्तिया) वर्षाला सुमारे १,५०० मिमी. पाऊस पडतो, उन्हाळाही सौम्य असतो. तरी दुकाने दुपारी तिथेही बंदच. दुसरे मत घड्याळाचे. स्पेनने १ जानेवारी १९०१ पासून ग्रिनिच वेळ स्वीकारली होती. १६ मार्च १९४० च्या रात्री अकरा वाजता घड्याळे एक तास पुढे केली गेली. तत्कालीन हुकूमशहा फ्रँकोने हे हिटलरच्या मर्जीसाठी केले असे सर्रास सांगितले जाते. आदेशात मात्र अन्य युरोपीय देशांशी वेळ जुळवण्याची सोय एवढेच कारण आहे, आणि ब्रिटननेही त्या वर्षी घड्याळे पुढे केलीच होती. नेहमीची वेळ पुन्हा लागू करण्याची तारीख यथावकाश कळवू, असेही त्या आदेशात होते. ती तारीख अद्याप उजाडलेली नाही. परिणामी सान सेबास्तिआनमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो हिवाळ्यात एकच्या आणि उन्हाळ्यात दोनच्या सुमारास. म्हणजे दोनचे जेवण सूर्याच्या हिशेबाने फारसे उशिराचे नव्हेच. तिसरे मत युद्धोत्तर हलाखीचे : एका पगारात भागेना, म्हणून अनेक जण सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी नोकरी करत, त्यातून मधली मोठी सुटी पक्की झाली. सुटीच्या लांबीपुरते हे मत अधिक समाधानकारक वाटते. फेरफटका मात्र त्याहून जुना असल्याने, खंडित पाळीने त्याला दुपारची आयती जागा दिली एवढेच म्हणता येईल. सध्याच्या कामगार कायद्यात सहा तासांहून अधिक सलग कामामागे किमान १५ मिनिटांच्या विश्रांतीची तरतूद आहे. करारात तसे नमूद असेल तरच ती कामाच्या वेळेत धरतात.

सागरी पासेओचे (पासेओ मारीतिमो) ठळक उदाहरण सान सेबास्तिआनचेच. १८१३ च्या आगीत बेचिराख झालेल्या या तटबंदीच्या गावी राणी दुसरी इसाबेल १८४५ मध्ये वैद्यांच्या सल्ल्याने समुद्रस्नानासाठी आली. १८६३ मध्ये तट पाडण्यास सुरुवात झाली आणि शहर वाळूकडे सरकले. पुढे राणी मारिया क्रिस्तिनाच्या उन्हाळी मुक्कामासाठी मिरामार राजवाडा (१८९३) उभा राहिला. ला कोंचा (‘शिंपला’) या अर्धवर्तुळाकार पुळणीच्या कडेचा पांढरा नक्षीदार कठडा हुआन राफाएल आल्दाय यांच्या रचनेचा आहे. शहरात तो पेल्यांवर, रुमालांवर, कानांतल्या डुलांवरही दिसतो. कठड्यालगतच्या झाडांना स्थानिक लोक ‘तामारिंदो’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘तमर हिंदी’वरून आलेला, म्हणजे आपली चिंच; पण ही झाडे चिंचेची नसून झाऊच्या जातीची आहेत. नामसाम्याने झालेला हा घोटाळा आता शहराने आपलासाच केला आहे.

नगरभवनापासून (१८८७ चा कॅसिनो) निघालेला फेरा पुढच्या ओंदार्रेता पुळणीच्या पश्चिम टोकाला एद्वार्दो चिलिदा यांच्या ‘वाऱ्याचा कंगवा’ या शिल्पापाशी संपतो. १९७७ मध्ये पूर्ण झालेल्या या स्थळी पोलादाचे तीन वाकडे हूक खडकांत रोवलेले आहेत. लुईस पेन्या गांचेगी यांनी केलेल्या फरसबंदीला सात भोके आहेत. समुद्र खवळला की त्यांतून फुसकारत हवा आणि पाणी वर येते. ओहोटीला वरच्या रस्त्याऐवजी वाळूवरूनच चालतात : पँट दुमडलेली, बूट हातात. राजवाड्याखालच्या खडकाला वळसा घालून ओंदार्रेता पुळणीवर जाता येते, पण भरतीत ही वाट बुडते. त्यामुळे चालणाऱ्यांना भरती-ओहोटीचे वेळापत्रकही सांभाळावे लागते.

सकाळी अकराच्या सुमारास कामातून उठून काही खाण्याला बास्कमध्ये ‘अमायकेताको’ (अमायका = अकरा) म्हणतात. उन्हाळ्यात अनेक कार्यालयांत सकाळी आठ ते दुपारी तीन अशी सलग पाळी असते. तेव्हा फेरफटका आपोआप संध्याकाळी जातो. बारीक झिमझिम पावसाला (सिरिमिरी) येथे सहसा कोणी जुमानत नाही. जोराची सर आली तर लोक जुन्या शहरातील संविधान चौकाच्या कमानींखाली फेऱ्या घालतात. चौकातील सज्ज्यांवर अजूनही क्रमांक आहेत : येथे बैलझुंजी होत, तेव्हा ते प्रेक्षकांच्या जागांचे होते.