गोळी वेदनेची, लक्ष श्वासावर

कोल्हापुरात एखाद्या घरात कॅन्सरच्या रुग्णासाठी मॉर्फीनचं पाकीट आलं की बऱ्याचदा ते कपाटातच पडून राहतं. ‘ते सुरू केलं म्हणजे आता काही खरं नाही’ ही एक समजूत, आणि ‘सवय लागेल’ ही दुसरी. रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. त्याच गल्लीत कुणाची कंबर धरली, तर शेजारी आपल्याकडचं उरलेलं ट्रॅमाडॉल सहज काढून देतो. ही दोन्ही औषधं एकाच कुळातली, ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारी वेदनाशामकं. एकाला नको इतकं घाबरायचं आणि दुसऱ्याला अजिबात नाही, हे उफराटं आहे.

ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने टॅपेंटाडॉल हे ओपिऑइड आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध यांच्या संयुक्त गोळ्यांची निर्मिती व निर्यात थांबवली. अशा बातम्यांनंतर डॉक्टरांनी मोजून दिलेली गोळीही विषासारखी वाटू लागते. पण या औषधांचा जीवघेणा धोका मुख्यतः एकाच वाटेने येतो, श्वासाच्या. आणि त्या वाटेवर घरच्यांना लक्ष ठेवता येतं.

श्वास घ्यायची आठवण शरीराला ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइड जास्त करून देतो. रक्तात त्याचा दाब साधारण ४० मिलिमीटर पारा असतो. तो एका मिलिमीटरने वाढला, तरी मेंदूच्या देठातल्या पेशी मिनिटाला सुमारे २ लिटर हवा जास्त ओढायला लावतात. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला जेमतेम ६ लिटर हवा घेतो, यावरून ही यंत्रणा किती हळवी आहे ते कळेल. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट पाणी उतरलं की मोटर सुरू करतो, तसंच हे. ओपिऑइड हा फ्लोट जड करतात. दाब ५०, ५५ झाला तरी मोटर सुस्तच.

श्वासाची लय जिथे तयार होते तो भाग म्हणजे प्रीबॉटझिंगर कॉम्प्लेक्स. १९९१ मध्ये उंदरांच्या मेंदूत तो नेमका दाखवला गेला. तिथल्या चेतापेशी एकमेकींना चेतवत जातात, सगळ्या एकदम पेटतात आणि एक श्वास आत येतो. थोडी विश्रांती, मग पुन्हा तेच. यातल्या बऱ्याच पेशींवर म्यू नावाचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे रेणू येऊन बसायच्या जागा, असतात. औषधाचा रेणू तिथे बसला की दोन गोष्टी घडतात. पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि ती थंडावते. चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियमचा प्रवेश अडतो, त्यामुळे पुढच्या पेशीकडे निरोपाचं रसायन कमी जातं. एकमेकींना चेतवण्याची साखळी मध्येच तुटते, आणि एखादा श्वास येतच नाही. हेच ग्राहक मज्जारज्जूत वेदनेचा निरोप अडवतात आणि आतड्याच्या भिंतीत शौच अडवतात. कुलूप एकच असल्यामुळे फक्त वेदनेवर चालणारी आणि श्वासाला मुळीच न शिवणारी मात्रा अशी वेगळी काढता येत नाही. मात्र योग्य मात्रेत या दोन परिणामांमध्ये पुरेसं अंतर असतं.

वेदना स्वतःच श्वासाला ढोसत असते. म्हणून किरणोपचाराने किंवा नस बधिर केल्याने दुखणं एकदम उतरलं, तर कालपर्यंत सोसलेली मात्रा आज जड होऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून ती कमी करावी लागते. तसंच काही दिवस औषध बंद राहिलं तर शरीराला झालेला त्याचा सराव उतरतो. पुन्हा सुरू करताना जुन्या मात्रेवर उडी मारायची नाही.

श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस झोप येणं अपेक्षित आहे, आणि कित्येक रात्री न झोपलेला माणूस दुखणं थांबल्यावर झोपणारच. हाक मारल्यावर जागा होऊन नीट बोलला तर काळजी नाही. बोलता बोलता, घास तोंडात असताना डोळे मिटू लागले तर पुढची मात्रा थांबवून डॉक्टरांना फोन करा. श्वास मोजायचा तो उठवण्याआधी, कारण जागा झाला की श्वास आपोआप वाढतो. छातीची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. १० वर आले तर लगेच फोन, ८ किंवा कमी झाले तर रुग्णालय. अडखळत, घुसमटल्यासारखं घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण समजू नका. कोविडपासून घरोघरी असलेल्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका. ऑक्सिजन लावलेला असेल तर आकडा ९६ दिसत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत असतो.

झोपेची गोळी (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम), दारू आणि नसांच्या दुखण्यावर दिलं जाणारं प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन यांनी हा धोका वाढतो. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर ही औषधं वेगवेगळी लिहिलेली असतात, म्हणून सगळ्या चिठ्ठ्या एकत्र दाखवा. ट्रॅमाडॉलची आणखी एक खोड आहे. नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर ते घाम, थरथर, ताप आणू शकतं, आणि फिट येणाऱ्याला फिटही. यकृतातलं सीवायपी२डी६ हे विकर (एन्झाइम) त्याचं जास्त प्रभावी रूप तयार करतं. त्याचा वेग माणसागणिक बदलतो, त्यामुळे शेजाऱ्याला मानवलेली गोळी तुम्हाला मानवेलच असं नाही.

किडनी कमजोर असेल तर मॉर्फीनपासून तयार झालेले पदार्थ रक्तात साचतात. हातपाय झटके देतात, माणूस असंबद्ध बोलतो, भिंतीवर काहीबाही दिसतं म्हणतो. अशा वेळी ‘बाहेरचं काही लागलंय’ म्हणून देवरुषाला बोलावणं, मीठ-मोहऱ्या ओवाळणं यात जाणारा वेळ जिवावर बेततो. क्रिएटिनिन तपासून मात्रा किंवा औषध बदललं की हे बहुधा ओसरतं.

साधी मॉर्फीनची गोळी सुमारे चार तास टिकते, म्हणून ती दुखेल तेव्हा घ्यायची नसून घड्याळाप्रमाणे घ्यायची. १० मिलिग्रॅम दर चार तासांनी म्हणजे दिवसाला ६०. मध्येच कळ आली तर जादा मात्रा साधारण दिवसाच्या एक षष्ठांश, म्हणजे इथे १०. वयस्कांना डॉक्टर २.५ किंवा ५ पासून सुरू करतात. जादा मात्रा घेतली की वहीत वेळ लिहा. तीच वही पाहून डॉक्टर पुढची मात्रा ठरवतात. चुकलेली मात्रा पुढच्या वेळी दुप्पट करून भरायची नाही. हळूहळू औषध सोडणारी बारा तासांची गोळी फोडायची किंवा कुटायची नाही, नाहीतर बारा तासांचं औषध तासाभरात रक्तात उतरतं. औषध एकदम बंदही करू नका, टप्प्याटप्प्याने उतरवा. एकदम तोडल्यावर घाम, जुलाब, तळमळ होते. ते शरीराला झालेल्या सरावामुळे होतं आणि त्याला व्यसन म्हणत नाहीत.

फेंटानिल या ओपिऑइडचा कातडीवर चिकटवायचा पॅच पूर्ण भरात यायला १२ ते २४ तास लागतात. तीन तासांत आराम नाही म्हणून दुसरा लावणं ही घातक चूक. तो ७२ तासांनी बदलायचा, आणि काढल्यावरही कातडीखाली साठलेलं औषध कित्येक तास रक्तात येत राहतं. उष्णतेने ते जास्त वेगाने शोषलं जातं. पॅचवर गरम पाण्याची पिशवी नको, गुऱ्हाळावर चुलवाणासमोर बसणं नको, आणि ताप चढला तर डॉक्टरांना कळवा. वापरलेल्या पॅचमध्येही लहान मुलाचा जीव जाईल इतकं औषध उरतं. चिकट बाजू आत दुमडून लगेच संडासात सोडून पाणी ओता.

बद्धकोष्ठतेचा सराव शरीराला होत नाही. पहिल्याच दिवसापासून सोनामुखी किंवा बिसाकोडिल डॉक्टरांना विचारून सुरू करा. नुसता इसबगोल, तोही कमी पाण्याबरोबर, सुस्त आतड्यात गोळा होऊन अडतो.

हाक मारून, खांदा हलवून रुग्ण उठत नसेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ ला फोन करा. तोंडात पाणी किंवा कॉफी ओतू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबला असेल तर हनुवटी वर उचलून, नाक दाबून दर पाच-सहा सेकंदांनी तोंडाने श्वास द्या आणि नाडी लागत नसेल तर छाती दाबा. गगनबावडा किंवा चंदगडकडच्या वाडीवर गाडी पोहोचेपर्यंत मेंदूला तेवढाच आधार असतो. औषधाचं पाकीट आणि वही बरोबर न्या. रुग्णालयात नॅलोक्सोनचं इंजेक्शन म्यू ग्राहकावरून औषध हुसकावतं आणि माणूस दोन-तीन मिनिटांत डोळे उघडतो. पण ते अर्धा ते दीड तासच टिकतं. बारा तासांची गोळी घेतली असेल तर गुंगी पुन्हा येते, म्हणून ‘शुद्धीवर आला, आता घरी नेतो’ असा आग्रह धरू नका.